एका हाताचा नमस्कार

माझा नवरा समुद्रात असला की एका हाताने नमस्कार करायचा. होडी जरा बाहेर पडली, मलबार हिलचं टोक नीट दिसायला लागलं, की उजवा हात कपाळाला लावायचा. डावा हात असायचा तिथेच, शिडाच्या दोरावर. जमिनीवर हा माणूस अजिबात देवभोळा नव्हता. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात देवांना अंघोळ मी घालायचे आणि हा शेजारी उभा राहून चहा प्यायचा. पाण्यात गेला की मात्र त्याला सगळे देव आठवायचे.

त्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, हा एका हाताचा नमस्कार अजिबात खपायचा नाही. भाऊजींचा जन्म मालवणकडच्या एका खाडीकाठचा. मुंबईला येऊन ते गिरणीत लागले आणि धाकट्या भावाला गावाहून आणून त्यांनी शिकवलं. गिरणी बंद पडल्यावर कुठे रखवालदारी कर, कुठे दुकानात मदत कर, असं करत त्यांनी दिवस काढले. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. लालबागच्या एका खोलीत एकटे राहायचे. रविवारी आमच्याकडे जेवायला आले की होडीचा विषय निघायचाच. मग ते म्हणायचे, एका हातान नमस्कार करूचो नसता, ता अपमान असता. त्यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं.

"दादा, देव रागावला तरी माफ करतो. वारा नाही करत."

भाऊजी मान हलवून आमटीत भात कालवायला लागायचे. माझ्याशी ते थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. मला भाजी वाढायला सांगायची तर ते माझ्या लेकीला सांगायचे, आईक सांग. मी समोर भाजीचं भांडं घेऊन उभी असायचे. लेक हसून म्हणायची, आई, तुला सांगितलंय. सुरुवातीला मला राग यायचा, मग सवय झाली, आणि पुढेपुढे तर हे बोलणं मला आवडायलाही लागलं होतं.

होडी म्हणजे फार काही मोठी नव्हती. लाकडी, उघडी, एका शिडाची, चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी. नवरा आणि त्याच्याच कचेरीतला एक मित्र, दोघांनी मिळून ती घेतली होती. मित्र परळच्या चाळीत वाढलेला. बाबासाहेबांचा फोटो आणि पाण्याचं वेड, या दोन गोष्टी त्याच्या घरात वडिलांपासून होत्या. मी त्याला चिडवून भागीदार म्हणायचे. कफ परेडच्या मच्छीमार नगरात ओळखीच्यांकडे होडी ठेवलेली असे, आणि सुट्टी आली की हे दोघे तिकडे पळायचे. सुकाणू भागीदाराकडे, दोर माझ्या नवऱ्याकडे. ही वाटणी कधी बदलली नाही. लग्नानंतर सवत आली तर बाई निदान भांडू तरी शकते. लाकडाशी कोण भांडणार? म्हणून मीही अधूनमधून जायला लागले.

नवऱ्याला शिकवायची भारी हौस. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे शिकवणारा माणूस किती कंटाळा आणू शकतो हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ह्याने मलाही मागे टाकलं. नाश्त्याला पोहे खाताना चमचा उभा धरून तो शीड समजावायचा. दोर ओढून धरला की शिडात वारा भरतो आणि होडी पळते. दोर सैल सोडला की वारा शिडातून निघून जातो आणि होडी सरळ होते. जोराचा वारा असला तर तो एका लयीत येत नाही. शांत, शांत, आणि मग एकदम झोत. त्या झोताच्या क्षणी दोर हातातून सुटला पाहिजे. सुटला तर होडी नुसती डगमगते. बांधलेला असला तर होडी आडवी होते आणि मग पुढचं सगळं पाण्यात. म्हणून दोर बांधायचा नाही. हात दुखला तर दुसऱ्या हातात घे, बूड टेकून त्याच्यावर बस, दातात धर, पण बांधू नकोस. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

बाकीचे नियमही होते. वारा वाढायच्या आधीच शीड खाली घेऊन आखडायचं, वाढल्यावर नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसायचं. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावायचे, शोभेला घालायचं नाही. आणि होडी उलटलीच तर होडी सोडायची नाही. उलटली तरी लाकूड तरंगतं. शिडाखाली सापडलं तर हाताने कापड वर उचलून हवा घ्यायची. किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो. पाण्यात पडल्यावर आधी माणसं मोजायची, मग बाकीचं. एकदा लेक म्हणाली, बाबा, हे भिंतीवर लिहून लावूया का? तो म्हणाला, भिंत पाण्यात येणार आहे का तुझ्याबरोबर?

तो गेला तो पाण्यात नाही. जेवून खुर्चीत बसला, वर्तमानपत्र मांडीवर घेतलं, आणि मी ताटं उचलून परत येईपर्यंत गेलेला होता. इतकी वर्षं मी समुद्राकडे बघत धास्ती खाल्ली आणि तो घरात, पंख्याखाली गेला. मला तेव्हाही राग आला आणि अजूनही येतो.

त्याची एक इच्छा सगळ्यांना माहीत होती, कारण ती तो गमतीत कितीदा तरी बोलला होता. अस्थी समुद्रात सोडायच्या तर इंजिनाच्या होडीतून नको. डिझेलच्या धुरात शेवटचा प्रवास नको. आपल्या होडीतून, शिडावर. कोणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. पण तो गेल्यावर लेकीने ते इतकं घट्ट धरलं की तिला दुसरं काही सुचेनाच. ती दहा जणांशी दहा गोष्टींवरून वाद घालून दमली होती. मंत्राग्नी मुलीने द्यायचा की पुतण्याने, यावरून चुलतनातेवाईक आधीच कुजबुजून गेले होते. तेव्हा भाऊजी एकटे तिच्या बाजूने उभे राहिले होते. पोरीचो बापूस, पोरच दितली, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. त्यामुळे शिडाच्या होडीचं तिने काढलं तेव्हा त्यांना ते मनातून पटलं नसणार, पण ते नाही म्हणाले नाहीत. त्यांची अट एकच. अस्थी दहाव्याच्या आत पाण्यात गेल्या पाहिजेत.

ते दिवस उन्हाळा लागायचे होते. त्या दिवसांत आमच्या समुद्राची एक ठरलेली चाल असते. सकाळी पाणी शांत. दुपारी ऊन तापलं की पश्चिमेकडून वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. भागीदाराने म्हणूनच सांगितलं होतं की उजाडता निघू, ऊन वर यायच्या आत परत येऊ. फोनवर वाऱ्याचा अंदाज बघून त्याने दिवसही ठरवला. पण अस्थी स्मशानातल्या खणात ठेवलेल्या, त्या ताब्यात घ्यायला उशीर. मग भाऊजींच्या मनात आलं की आधी बाणगंगेवर विधी करून घ्यावा. तिथे आमच्या आधी दोन कुटुंबं बसलेली. गुरुजींनी आमचं उरकेपर्यंत उन्हं कलायला लागली होती. आम्ही मच्छीमार नगरात पोचलो तेव्हा वाळत घातलेली जाळी वाऱ्याने उचलली जात होती.

भागीदार पाण्याकडे बघत उभा होता. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आज नको. वारा बघा ना. उद्या सकाळी जाऊ."

उद्या दहावा होता. सकाळी पिंड, गुरुजी, नातेवाईक, सगळं बोलावून ठेवलेलं. भाऊजी मडकं छातीशी धरून उभे होते. अस्थी पाण्यात सोडल्याशिवाय पिंड ठेवायचा नाही, त्यांच्या हिशेबी हे अगदी पक्कं होतं. लेक म्हणाली, मग इंजिनच्या होडीतून जाऊया, चालेल. असं म्हणताना तिचा चेहरा इतका पडला की भागीदारालाच बघवेना. त्याने परत एकदा समुद्राकडे पाहिलं. वारा जोराचा होता, पण जायलाच नको असा नव्हता. असल्या वाऱ्यात ते दोघे कितीदा तरी गेले होते. फक्त तेव्हा ते दोघे होते.

तो म्हणाला, जाऊ, पण मी सांगेन तसं. शीड निम्मं आखडून बांधलं. जॅकेटं सगळ्यांना घातली, पट्टे त्याने स्वतः ओढून बघितले. भाऊजींनी धोतरावर ते नारिंगी जॅकेट घातलं आणि लेकीला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसू आलं. फार बाहेर जायचं नाही, पाणी जरा खोल लागलं की थांबायचं. सुकाणू भागीदाराकडे. दोर कोणाकडे, हे कोणी विचारलं नाही. मी जाऊन नवऱ्याच्या जागेवर बसले आणि दोर हातात घेतला.

जाताना काही वाईट झालं नाही. उलट, खरं सांगते, मला बरं वाटलं. अंगावर पाणी उडत होतं, दोर हाताला काचत होता, झोत आला की मी सोडत होते आणि गेला की ओढत होते. रडायला वेळ नव्हता. भागीदार मागून नुसतं "सोडा", "घ्या" एवढंच म्हणत होता. मलबार हिल दिसायला लागली तेव्हा मी उजवा हात कपाळाला लावला. भाऊजींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला त्या वेळीही त्यांची गंमत वाटली.

ओहोटी लागली होती. पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येणारा, असं झालं की लाट आखूड आणि उभी होते. होडी आपटायला लागली. भागीदार म्हणाला, इथेच थांबू. त्याने होडीचं तोंड वाऱ्याकडे फिरवलं. असं केलं आणि दोर पूर्ण सैल सोडला की शीड नुसतं फडफडत राहतं, त्यात वारा भरत नाही आणि होडी जागच्या जागी उभी राहते. शीड उतरवलं असतं तर ते परत चढवायला त्या वाऱ्यात सराईत माणसं लागली असती, आणि तोवर होडी वाहत खडकांकडे गेली असती. म्हणून शीड वरच ठेवलं. त्याचं काही चुकलं नाही. पुढे मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी हेच सांगितलं.

सुकाणू धरायला भागीदाराचे दोन्ही हात लागत होते. मडकं लेकीच्या मांडीवर, त्याच्या तोंडाला बांधलेलं कापड ओलं होऊन गाठ घट्ट झालेली. ती सोडवायला तिला माझी मदत हवी होती. म्हणजे दोर भाऊजींकडे द्यायला हवा. मी तो त्यांच्या हातात दिला आणि रीतभात बाजूला ठेवून थेट त्यांच्याकडे बघून सांगितलं, "भाऊजी, नुसता धरून ठेवा, सैल. ओढू नका आणि बांधू तर अजिबात नका."

ते लेकीकडे बघून म्हणाले, "आईक सांग, माका कळता."

आणि त्यांना कळत होतं, असंच मला वाटलं. खाडीत वाढलेला माणूस. लहानपणी भरतीच्या पाण्यात पोहून पैलतीराला जायचे, ही गोष्ट आम्ही रविवारी रविवारी ऐकलेली. मी वाकून गाठ सोडवायला लागले. बोटं गार पडली होती, सुटेना. डोक्यावर शीड इतकं फडफडत होतं की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं, शिडाखालची आडवी काठी इकडून तिकडे हिसके मारत होती. मग अचानक फडफड थांबली. मला वाटलं वारा पडला. बरं झालं, असं मी मनात म्हणालेसुद्धा.

मान वर केली तेव्हा भाऊजींचे दोन्ही हात जोडलेले होते. डोळे मिटलेले होते. ते आपल्या भावाला नमस्कार करत होते, नीट, दोन्ही हातांनी, करायचा असतो तसा. दोर त्यांच्या मागे कडेच्या खुंटीला बांधलेला होता. शीड ओढून ताठ झालेलं. एका लाटेने होडीचं तोंड जरासं वळलं आणि त्याच वेळी झोत आला. आम्ही तिघेही मडक्याभोवती एकाच कडेला वाकलेले होतो. भागीदार ओरडला, काय ओरडला ते कळलं नाही. मी दोराकडे हात टाकला, पण ती कडा तोपर्यंत पाण्याखाली गेली होती.

पाण्याखाली सगळं हिरवं आणि आवाजाचं होतं. वर आले तर डोक्यावर शिडाचं कापड. मला श्वास घेता येईना. नवऱ्याने सांगितलेलं आठवलं असं मी म्हणणार नाही, आठवायला डोकं जागेवर नव्हतं. पण हात आपोआप वर गेला, कापड उचललं गेलं, हवा मिळाली, आणि कापडाचा काठ चाचपत मी बाहेर आले. मग मोजलं. लेक होडीच्या कडेला लटकलेली, खोकत होती. भागीदार पलीकडे, कपाळातून रक्त येत होतं. भाऊजी माझ्या हाताच्या अंतरावर. चौघं. मी देवाचे आभार मानले. सगळे आहेत, आता नुसतं धरून राहायचं, कोणीतरी येईलच. भागीदाराने जॅकेटला बांधलेली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकायला सुरुवात केली.

मडकं तरंगत होतं. गाठ सुटली नव्हती, त्यामुळे आत पाणी गेलं नव्हतं. वारा त्याला ढकलत किनाऱ्याकडे नेत होता. लाटेवर चढायचं, दिसेनासं व्हायचं, परत दिसायचं. भाऊजी त्याच्याकडे बघत होते. मग ते जॅकेटचे पट्टे सोडायला लागले.

मला काही क्षण कळलंच नाही. जॅकेट घालून पोहता येत नाही, म्हणून ते काढत होते. मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना फक्त पाया पडताना हात लावला होता. मी ओरडले, राहू द्या, जाऊ द्या ते. लेक रडत रडत म्हणत होती, काका, नको, काका, नको. त्यांनी माझी बोटं सोडवली. झटका नाही दिला, एकेक बोट हळू सोडवलं. आणि माझ्याकडे बघून, लेकीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले,

"तेका असो सोडून कसो येव?"

ते पोहायला लागले. हात लांब टाकत, खाडीतल्या माणसाचं पोहणं. थोडा वेळ तर मला वाटलं की हे खरंच आणतील. पण मडक्याला वारा ढकलत होता आणि भाऊजींना पाणी मागे ओढत होतं. दोघांमधलं अंतर वाढत गेलं. वय झालेलं शरीर, तोंडावर उभ्या लाटा. डोकं दिसायचं, मग फक्त हात, मग परत डोकं. मग एका लाटेनंतर दिसलं नाही. लेक म्हणत राहिली, दिसतायत, तिकडे बघ, दिसतायत. मी बघत राहिले. त्यांचं जॅकेट आमच्या शेजारी होडीला घासत तरंगत होतं.

ज्याला पाण्यात सोडायला आम्ही गेलो होतो, त्याला पाण्यातून काढायला ते गेले. मला हे कितीही वेळा मनात फिरवलं तरी सहन होत नाही. मडकं कुठे जाणार होतं? खडकावर आपटून फुटलं असणार, आणि जे व्हायचं तेच झालं असणार. माझा नवरा समुद्रातच होता. त्याला समुद्रातच जायचं होतं. भाऊजींना हे सांगायला मी हवं ते केलं असतं, पण ते सांगण्यासारखे उरले नव्हते. त्यांना दिसत होतं ते गावाहून बोट धरून आणलेलं पोर, आणि ते वाहून चाललं होतं.

मासे घेऊन परतणाऱ्या एका इंजिनच्या होडीने शिट्टी ऐकली. त्यांनी आम्हाला वर घेतलं, काही न विचारता ओल्या अंगावर गोणपाटं टाकली आणि अंधार पडेपर्यंत त्या पाण्यात घिरट्या घातल्या. डिझेलचा धूर नाकातोंडात जात होता. लेक तो धूर घेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी दहाव्याचे पिंड ठेवले तेव्हा भाऊजी अजून सापडले नव्हते. ते संध्याकाळी किनाऱ्याच्या दगडांत मिळाले. ओळख पटवायला मी गेले, लेकीला नेलं नाही. भेटायला येणारे लोक म्हणत होते, पट्टीचे पोहणारेच बुडतात हो. जणू काही म्हण सांगितली की माणसाचं समाधान व्हावं. मी एकीला सरळ सांगितलं की उठा आता, मला पडायचंय. ती अजून माझ्याशी बोलत नाही. हरकत नाही.

आमची होडीही ओढून आणली होती. भागीदाराने कपाळाला पट्टी बांधूनच मला तिकडे नेलं, कारण त्याला ते एकट्याला बघवत नव्हतं. दोर अजून खुंटीला होता. गुरं बांधायची गावाकडची गाठ, ओढाल तशी आवळत जाणारी. खाऱ्या पाण्याने फुगून दगड झाली होती. त्याने पुष्कळ खटपट केली, मग सुरी आणली, आणि कापू का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कापताना तो रडला. 'आज नको' म्हणण्यावर तो ठाम का राहिला नाही, हे तो त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय. मी त्याला दर वेळी सांगते की सगळं नीट होतं, फक्त एकाने हात जोडले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला भाऊजींचा इतका राग येतो की त्यांना उठवून भांडावंसं वाटतं. माका कळता म्हणे. काय कळत होतं? आणि मग त्यांची ती हळू हळू बोटं सोडवणं आठवतं आणि राग कुठे ठेवावा कळत नाही.

त्यांच्या अस्थी सोडायला आम्ही सकाळी गेलो, इंजिनच्या होडीतून. त्यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांचंही माझ्याच लेकीने केलं. या वेळी कोणी कुजबुजलं नाही. पाणी इतकं शांत होतं की बघून चीड यावी. लालबागचे शेजारी होते, गावाहून आलेल्या एक चुलतसासूबाई होत्या, भागीदार होता. लेकीने गाठ स्वतःच सोडवली, ती आम्ही मुद्दाम सैल बांधली होती. कडेवरून वाकून तिने मडकं पाण्यात तिरकं केलं. राख थोडी तरंगली आणि मग खाली गेली. सगळ्यांनी हात जोडले.

मी उजवा हात कपाळाला लावला. चुलतसासूबाईंनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला आणि म्हणाल्या, दोन्ही हात जोड गो, मोठो दीर होतो तुझो. मी ऐकलं, पण हात जोडले नाहीत. डाव्या हाताने मी लेकीच्या जॅकेटचा पट्टा धरला होता, आणि जमिनीला पाय लागेपर्यंत तो सोडला नाही.